ऋणाची सक्ती

इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या नगरसभेने, 2000 सालच्या वाहतूकविषयक कायद्याने दिलेल्या अधिकाराचा आधार घेऊन, कामाच्या ठिकाणी 11 किंवा अधिक गाड्यांची सोय करणाऱ्या मालकांवर 2012 पासून दर जागेमागे वार्षिक कर बसविला आणि त्याचा वसूल ट्रामचा विस्तार, रेल्वे स्थानकाचा कायापालट व बससेवा यांच्याकडे वळविला, तेव्हा जमाखर्चाच्या वहीत न मावणारा एक प्रश्न उपस्थित झाला: जे सक्तीने घेतले जाते, त्याला धर्म म्हणावे काय?

दान स्वेच्छेचे आणि कर दंडशक्तीचा, म्हणून कर भरून पुण्य लाभत नाही, हे खरेच. परंतु कचेरीच्या आवारात गाडीला मोफत लाभणारी जागा वस्तुतः मोफत नसते. ती जागा ज्या गर्दीला रस्त्यावर आमंत्रण देते, तिची कोंडी आणि तिचा धूर, ज्याच्यापाशी गाडीच नाही असा बसची वाट पाहणारा मनुष्य निमूटपणे सोसत असतो. या दृष्टीने पाहता हा कर परोपकाराची सक्ती नसून ऋणाची फेड ठरतो, आणि ऋणकोच्या मर्जीवर कोणतेही ऋण अवलंबून नसते.

तथापि मालकाने हा बोजा नोकरांवर उतरविण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि अपरात्री सुटणाऱ्या, ट्रामच्या मार्गापासून दूर राहणाऱ्या कामगारावर तो पडला, तर न्यायाचा तोल ढळतो. म्हणून अशा कराचे समर्थन वसुलीत नव्हे, विनियोगात शोधावे लागते. सक्तीने सद्गुण निपजत नसले, तरी अन्यायाला मिळालेली सवलत तिने खचित काढून घेता येते.