श्वासावरून आत्मा सिद्ध होतो का?

नाकाशी सूत धरून माणूस आहे की गेला हे ठरवण्याची आपली रीत जुनी आहे, आणि तिच्यामागे नुसती सवय नाही, एक रीतसर अनुमान आहे. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत आत्म्याच्या खुणा सांगताना पहिले नाव प्राण-अपानाचे येते. प्रशस्तपादाने पुढे त्याची फोड केली. वारा स्वभावतः आडवा वाहतो, शरीरात शिरलेला वारा मात्र आत-बाहेर, वर-खाली होत राहतो. भाता हलताना दिसला की भाता चालवणारा कोणीतरी असणार हे कळते. तसेच श्वास चालताना दिसला की शरीरात कोणी चालवणारा आहे हे कळते, आणि तोच आत्मा. रामटेकला 1997 पासून कालिदासाच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. अशा गावात हे अनुमान पाठांतरापुरते न ठेवता तपासून पाहायला हवे. माझे म्हणणे असे की श्वासाचे शरीरशास्त्र समजून घेतल्यावर हे अनुमान टिकत नाही, आणि ते सोडल्याने आत्मविचाराचे काही बिघडत नाही. उलट एक चुकीचा आधार सुटतो.

भाता कोण हलवतो, याचा शोध शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खाणींच्या वाटेने लागला. जॉन स्कॉट हाल्डेन हा ब्रिटिश शास्त्रज्ञ खाणींतल्या कोंदट, विषारी हवेचा अभ्यास करत असे. मनसर आणि कांद्रीच्या मँगनीज खाणी रामटेकच्या शेजारीच असल्याने खाणीतल्या हवेची किंमत या भागात वेगळी समजावून सांगावी लागत नाही. 1905 मध्ये हाल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवले की फुप्फुसांच्या वायुकोशांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे 0.2 टक्क्यांनी वाढले तरी विश्रांतीतल्या माणसाचा श्वास जवळजवळ दुप्पट होतो. धमनीच्या रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे 40 मिलिमीटरवर राखला जातो. हा वायू रक्तातून मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतो, तिथे पाण्याशी मिळून आम्ल होतो, आणि मेंदूच्या देठाच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या पृष्ठभागाजवळच्या पेशी त्या आम्लाची किंचितशी वाढही ओळखून श्वास वाढवतात. ऑक्सिजनवर नजर ठेवणारे पहारेकरी वेगळे. मानेतल्या रोहिणीपाशी असलेल्या त्या बारीक गाठींच्या संशोधनासाठी कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चे नोबेल मिळाले. पण ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या सुमारे 95 वरून 60 च्या आसपास येईपर्यंत हे पहारेकरी फारशी हाकाटी करत नाहीत. म्हणजे जीव घुसमटतो तेव्हा आपल्याला जाणवते ती बहुतांशी प्राणवायूची टंचाई नसते, बाहेर न पडलेल्या वायूचा साठा असतो. याचा जीवघेणा पुरावा तलावांत मिळतो. पाण्यात सूर मारण्याआधी भराभर श्वास घेणारा पोहणारा ऑक्सिजन फारसा वाढवत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड धुऊन टाकतो. मग पाण्याखाली घुसमट वेळेवर होत नाही, वर यावेसे वाटत नाही, आणि ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. रामटेकच्या अंबाळा वा खिंडसी तलावात पोहणाऱ्या पोरांना ही एक गोष्ट तरी कोणी समजावून सांगायला हवी.

तर मग भाता चालवणारा आत्मा नसून वायू आहे, असे म्हणून मोकळे व्हावे का? इतके सोपे नाही, आणि ते का नाही हे गडाच्या पायऱ्यांवर दिसते. अंबाळ्याच्या बाजूने गडमंदिराकडे निघालेल्या माणसाचा श्वास पहिल्या काही पायऱ्यांतच वाढतो. त्या वेळी पायांच्या स्नायूंत तयार झालेला जादा वायू फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचलेलाही नसतो. पुढे मध्यम गतीने चढत राहिले तरी धमनीतल्या दोन्ही वायूंचे प्रमाण जवळजवळ जिथल्या तिथे राहते. क्रोग आणि लिंडहार्ड यांनी 1913 मध्ये याचा जो अर्थ लावला तो आजही मुख्यतः मानला जातो: पायांना हुकूम देतानाच मेंदू श्वासकेंद्रालाही बजावतो. सांध्यांकडून आणि स्नायूंकडून येणारे निरोप त्यात भर घालतात. रक्तातला वायू इथे हुकूम देत नाही, हुकूम किती चुकला ते सांगतो. श्वासाची मूळ लय लंबमज्जेतल्या एका लहानशा पेशीसमूहातून निघते, हे 1991 मध्ये दाखवले गेले. आता या सगळ्यात चालवणारा कोण? लय एका जागी, दुरुस्ती दुसऱ्या जागी, आगाऊ सूचना तिसरीकडून, आणि भात्यातून जे बाहेर पडते त्यावर भात्याची पुढची हालचाल ठरते. प्रशस्तपादाच्या भात्याजवळ एक माणूस वेगळा उभा असतो. इथे तसा कोणी सापडत नाही.

पण त्याच प्रशस्तपादाचे एक निरीक्षण विलक्षण होते, आणि ते त्याच्या पदरी घालायला हवे. प्रयत्नाचे त्याने दोन प्रकार मानले: इच्छा-द्वेषातून होणारा, आणि नुसत्या जगण्यातून होणारा. झोपलेल्या माणसाचा श्वास दुसऱ्या प्रकाराने चालतो, असे तो म्हणतो. जन्मतः एका जनुकातल्या दोषामुळे काही मुलांमध्ये हा दुसरा प्रकारच बिघडलेला असतो. त्यांच्या शरीराला कार्बन डायऑक्साइडची वाढ नीट कळत नाही. जागेपणी ती मुले बहुधा श्वास घेतात, झोपली की तो मंदावतो, थांबतोही, आणि रात्रीपुरते यंत्र लावावे लागते. दोन प्रयत्नांतली सीमा इतकी स्पष्ट क्वचितच दिसते. वर्गीकरण बरोबर होते, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र हातचा सुटला.

यावर योगमार्गी म्हणतील की कुंभकात, म्हणजे श्वास रोखून धरताना, माणूस श्वासावर स्वार होतो, तेव्हा इच्छा आणि तिचा धनी आत्मा हे वायूपेक्षा वरचेच. हा आक्षेप महाराष्ट्रात कोणी हवेत सोडून दिला नाही, हे अभिमानाने सांगण्याजोगे आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले ते प्रयोगशाळेसकट, आणि प्राणायामातल्या वायूंचे मोजमाप करून घेतले. प्राणायामाने शरीराला ऑक्सिजन जास्त मिळतो ही लोकप्रिय समजूत त्यांनी स्वतःच बाजूला सारली. प्राणायामाचे मोल ते दुसरीकडे शोधत. पुढे 1960 च्या दशकात त्याच संस्थेत माणसांना हवाबंद खड्ड्यात बसवून आतल्या हवेतले बदल मोजले गेले. दिल्लीच्या एम्समध्ये 1961 साली रामानंद योगी हवाबंद पेटीत बसले, तेव्हा त्यांचा ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या नेहमीच्या पातळीखाली गेलेला आढळला. ही मोठीच साधना. पण तिने खर्च कमी झाला, हिशेब बंद झाला नाही. दीर्घ अभ्यासाने कार्बन डायऑक्साइडची हाक सौम्य होते, मनुष्य ती अधिक शांतपणे ऐकू शकतो. तरी कुंभकाला शेवट असतो आणि तो शेवट साधक ठरवत नाही.

शास्त्री मंडळींचा आक्षेप याहून भक्कम आहे. प्राण म्हणजे हवा असे आम्ही कधी म्हटले, असे ते विचारतील. खरेच आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात मुख्य प्राण हा वायूही नव्हे आणि इंद्रियांची क्रियाही नव्हे असे स्पष्ट म्हटले आहे. सांख्य मात्र पाच प्राणांना अंतःकरणांचा सामाईक व्यापार मानतात, आणि शरीरशास्त्राच्या जवळ जाणारे मत तेच. कठोपनिषद तर म्हणते की मर्त्य माणूस प्राणानेही जगत नाही आणि अपानानेही नाही. हे दोघे ज्याच्या आश्रयाने राहतात त्या तिसऱ्यानेच तो जगतो. रामटेकची यात्रा करायची म्हणून घराबाहेर पडलेल्या चक्रधरस्वामींच्या तत्त्वज्ञानातही जीव आणि प्रपंच हे वेगवेगळे पदार्थ आहेत. देह आणि देहाचा श्वास प्रपंचात मोडतो. माझे एवढेच म्हणणे आहे की हे मत घेतले तर त्याची किंमतही चुकवावी लागते. प्राण हवेपलीकडचा असेल, तर हवेच्या ये-जा करण्यावरून तो आहे की नाही हे ठरवता येणार नाही. प्राण श्वासाहून वेगळा असे ग्रंथात म्हणायचे आणि श्वास हाच त्याचा पुरावा असे घरात म्हणायचे, ही दोन्ही विधाने एकत्र नांदू शकत नाहीत.

हा वाद पोथीतला राहिलेला नाही. तालुक्यातला अपघातग्रस्त नागपूरच्या एखाद्या अतिदक्षता विभागात पोचतो. व्हेंटिलेटरवर छाती वर-खाली होत असते, हात गरम असतो, आणि डॉक्टर सांगतात की मेंदूचा देठ मेलेला आहे. नातेवाईक म्हणतात, श्वास चालू आहे की! मेंदूमृत्यूला मान्यता देणारा आपला कायदा 1994 चा आहे. त्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ तपासण्या करते आणि किमान 6 तासांनी त्या पुन्हा करते. त्यातली एक कसोटी थेट आपल्या विषयाची. ऑक्सिजन देत राहून यंत्राचा श्वास थांबवतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 मिलिमीटरच्या वर चढू देतात, आणि उघड्या छातीकडे पाहत उभे राहतात. जिवंत लंबमज्जा असेल तर एवढ्या हाकेला ती ओ देतेच. छाती हलली नाही, तर यंत्र जोडल्यावर दिसणारी हालचाल ही फक्त यंत्राची असते. याउलट, मानेचा कणा वरच्या बाजूला तुटलेला माणूस स्वतः एकही श्वास घेऊ शकत नाही, तरी डोळ्यांनी बोलतो, मुलांची नावे ओळखतो, रडतो. श्वास आणि जाणीव अशी दोन्ही बाजूंनी सुटी होत असताना पहिल्याला दुसरीची खूण मानणे नातेवाइकांवर अन्याय करणारे आहे. श्वास चाललेल्या माणसाला आपण सोडून आलो, ही बोचणी त्यांनी बाळगण्याचे कारण नाही.

जडवादी यावर खूश होऊन म्हणेल, मग आत्म्याचा प्रश्नच मिटला. तसे म्हणणारा पुराव्याच्या पुढे धावतो. मेंदूच्या विकाराने भीतीच नाहीशी झालेली एक अमेरिकन स्त्री साप हाताळतानाही घाबरत नसे. 35 टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा एकदा आत घेताच ती भेदरून गेली, हा प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आम्लाचा मेंदूवर काय परिणाम झाला हे आज बऱ्यापैकी सांगता येते. पण त्या परिणामाला घुसमटीचे असह्यपण कुठून येते, आणि ते असह्य कोणाला वाटते, याचे उत्तर 40 किंवा 60 या आकड्यांत नाही. गौतमाने न्यायसूत्रांत आत्म्याच्या खुणा मोजल्या त्या अशा: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान. प्राण त्या यादीत नाही. कणादाची यादी बाजूला ठेवून गौतमाची हाती घेतली, तर नैयायिकाला श्वास गमावूनही वाद पुढे चालवता येतो, आणि जडवाद्यालाही मग दुःखाचे उत्तर द्यावे लागते.