शिशिरातील संतोष

माघ आणि फाल्गुन हे शिशिर ऋतूचे महिने. या दिवसांत पानगळ सुरू असते. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात, आंबा मोहोरतो. पहाटे गारठा असतो, दुपारी ऊन चटका देऊ लागते. संक्रांत मागे पडलेली असते आणि पाडवा अजून दूर असतो. या दोन सणांच्या मधल्या साध्या दिवसांत एक जुना प्रश्न ठळक होतो: मनाची शांती परिस्थिती अनुकूल झाल्यावर आपोआप मिळते, की ती रोज अंगी बाणवावी लागते?

पतंजलींच्या योगसूत्रांतील उत्तर स्पष्ट आहे. दुसऱ्या पादात शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान असे पाच नियम सांगितले आहेत. संतोष हा त्यांतला एक नियम, म्हणजे नित्य पाळायचे व्रत. हाताशी असलेल्या साधनांहून अधिकाची हाव न धरणे, असा त्याचा अर्थ योगसूत्रांवरील व्यासभाष्य देते. आणि त्यापासून सर्वश्रेष्ठ सुख लाभते, असे सूत्रकार सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात या व्रताला दिनक्रमाची जोड मिळते. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखणाऱ्याचा योग दुःखनाशक ठरतो. शांतीची सुरुवात जेवणाखाण्यापासून आणि झोपेपासून होते, इतकी ही शिकवण व्यवहाराजवळची आहे.

महाराष्ट्रातील माघ महिन्याचे आचार याच वाटेने जातात. वसंत पंचमीला पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो. रथसप्तमीला अंगणात सूर्यपूजा होते, गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतू जाऊ देतात, आणि संक्रांतीपासून चाललेले हळदीकुंकू त्या दिवशी संपते. ज्वारीच्या पट्ट्यात याच सुमारास शेतावर आगटी पेटते. भाजलेली कणसे हातावर चोळून काढलेला गरम हुरडा चटणी-गुळाबरोबर सगळे मिळून खातात. ऊन, दूध आणि कोवळे दाणे एवढ्याच गोष्टी इथे आनंदाला पुरतात. मात्र त्यासाठी माणसाचे मन तिथे हजर असावे लागते. उद्याच्या चिंतेत गुंतलेल्याला हुरड्याची चव कळत नाही.

संतोष ही सुखवस्तू माणसांची चैन आहे, असा आक्षेप घेतला जातो. तुकाराममहाराजांचे चरित्र त्याला उत्तर देते. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नाविना गेली आणि व्यापार बुडाला. पुढे भंडारा डोंगरावरील एकांत आणि नामस्मरण यांत त्यांना आधार सापडला. बाबाजी चैतन्यांनी त्यांना स्वप्नात गुरुमंत्र दिला, ती तिथी माघ शुद्ध दशमीची. दुसऱ्या दिवशीच्या एकादशीला पंढरपूरची माघी वारी असते. तुकोबांचे दुःख संपले नव्हते, संसारही सुटला नव्हता; तरीही त्या संसारात राहूनच त्यांनी समाधान मिळवले.

संतोषाने माणूस आळशी होतो, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर समर्थ रामदासांकडे मिळते. त्यांची पुण्यतिथी, दासनवमी, माघ वद्य नवमीला येते. त्यांच्या दासबोधात प्रयत्नाचा आग्रह आणि आळसाचा निषेध पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच ग्रंथात समाधानाला परमार्थाची खूण मानले आहे. या दोन्हींत विरोध नाही. प्रयत्न कामासाठी करायचा असतो. संतोष फळाविषयी ठेवायचा असतो. अन्याय किंवा उपासमार निमूटपणे सोसणे म्हणजे संतोष नव्हे, कारण तिथे प्रयत्न हाच धर्म ठरतो.

शांती परिस्थितीवर सर्वस्वी सोपवता येत नाही. ती नियमाने जोपासावी लागते. कोवळ्या उन्हात थोडा वेळ बसणे, वेळेवर जेवणे आणि झोपणे, हातातले काम मन लावून करणे, नाम घेणे आणि असेल ते वाटून खाणे ही तिची साधने आहेत. ती घराघरांत आहेत, आणि प्रत्येकाने ती आजपासून वापरावीत.