एक तास सोडून

आमच्या गंगापूर तालुक्यात टेनिस म्हटलं की खेळ आठवत नाही, बॉल आठवतो. पोपटी, केसाळ, दोन ओव्हरींत केस झडून टकला होणारा. उन्हाळ्यात गावोगाव त्याच्यावर क्रिकेटच्या टुर्नामेंट होतात. पहिलं बक्षीस सरपंचातर्फे, दुसरं किराणा दुकानातर्फे. त्यामुळे बापूची पोरगी टेनिस खेळते असं कळलं तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं, क्रिकेटच खेळत असेल. पारावर एकाने मला विचारलंही, “सर, तिच्या बॅटीला जाळी काहून लावली?”

मी इथल्या शाळेत तीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. खेळाचा मास्तर म्हणजे पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी ग्राउंडवर फक्की मारणारा माणूस. पोरीच्या हातात पहिली रॅकेट मीच दिली. वाळूजच्या एमआयडीसीतल्या कुण्या साहेबाने टाकून दिलेली होती, दोन तारा तुटलेल्या. शाळेच्या मागच्या भिंतीला पोरीने वर्षभरात पोपडे आणले. पुढे संभाजीनगरात मामाकडे राहिली, गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात शिकली, कॉलेजात गेली आणि विद्यापीठाच्या संघात आली.

बापूला हे सगळं कळायचं ते हिशोबातून. एकदा मला म्हणाला, “ग्राउंड केवढं असतं ओ सर तिचं?”

मी सांगितलं, अठ्ठ्याहत्तर फूट लांब, छत्तीस फूट रुंद.

बापू शाळेत सातवीपर्यंत, पण गुंठ्याचा गुणाकार त्याच्या जिभेवर. गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, १०८९ चौरस फूट. त्याने डोळे मिटले आणि उघडले. “म्हणजे अडीच गुंठे आन् वर थोडं. एवढ्यासाठी पोरगी घर सोडून राहिली? इथं आठ एकर पडलेत.” तेव्हापासून तो टेनिसला ‘अडीच गुंठे’च म्हणायचा. कुठे गेली पोरगी? अडीच गुंठ्यावर.

या आठ एकरांपैकी एका बाजूची गोष्ट इथे सांगावी लागेल.

बापूच्या शेताला लागून चुलत्याच्या पोराचं, अण्णाचं शेत. वाटणी झाली तेव्हा आज्याने मधल्या बांधावर एक बाभळीचं रोप राखलं. बांध रुंद होता. बैलगाडी जाणार नाही, पण डोक्यावर भारा घेतलेली बाई आरामात जाईल एवढा. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा त्या बाभळीशी उभं राहिलं की दिसायचं ते असं: अण्णाच्या बाजूला हातभर बांध शिल्लक, गवत. बापूच्या बाजूला बांधच नव्हता. कपाशीचं शेवटचं तास थेट खोडाला घासून जायचं आणि बाभळीच्या मुळ्यांची साल नांगराने सोललेली, आतलं लाल लाकूड उघडं पडलेलं. हे गावात सगळ्यांना दिसायचं. बोलायचं कुणी नाही, कारण बांध कोरणारा बापू एकटा नाही. दरसाल वीतभर, तेही नांगर वळवताना, म्हणजे पापही वाटत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून तर ड्रायव्हरच्या नावावर खपतं.

या गोष्टीच्या सहा वर्षं आधी अण्णाने विषय काढला होता, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. तलाठ्याने एकदा सरकारची सलोखा योजना सांगून पाहिली. २०२३ साली आलेली ती योजना, एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात बारा वर्षं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करून घ्या म्हणते. पण इथे अदलाबदल कसली? एकानेच घेतलेलं. शिवाय सलोखा हा शब्द कागदावर लिहायला सोपा.

तर २०२४च्या जानेवारीत विद्यापीठाच्या मुलींचा संघ परदेश दौऱ्यावर निघाला. परदेश म्हणजे श्रीलंका, कोलंबो. गावाला तोंडसुख मिळालं. “लंकेत सोन्याच्या विटा, येताना एक आण गं.” “रावण भेटला तर नमस्कार सांग.” खर्च निम्मा विद्यापीठाचा, निम्मा घरचा, आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडा गेलेला, तरी बापूने कापूस भाव न बघता विकला आणि पैसे भरले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे बापूबद्दल तुमचं मत बिघडायची शक्यता आहे.

पोरीच्या कपाटाला आतून ऋतुजा भोसलेचा फोटो चिकटवलेला होता. ऋतुजा श्रीरामपूरची, म्हणजे कायगावचा पूल ओलांडला की आमच्या शेजारचीच. एके काळी इथली गोदावरी ही हद्द होती, अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रज. पलीकडच्या त्या मुलीने अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळलं आणि सप्टेंबर २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. आमची पोरगी ती फायनल पाठ म्हणून दाखवते. पहिला सेट २-६ गेला होता, सर.

विद्यापीठाच्या खेळाडूंचं परदेशी जाणं पेपरात येतं ते दोनच कारणांनी, पदक नाहीतर घोळ. दीड वर्षाने, जुलै २०२५मध्ये, जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दोन्ही एकदम आलं. पुण्याच्या वैष्णवी आडकरने महिला एकेरीत कांस्य जिंकलं. त्याआधी या स्पर्धेत आपल्याकडून टेनिसचं पदक आणलं होतं ते फक्त पुण्याच्याच नंदन बाळ यांनी, १९७९ साली, रौप्य. आणि त्याच स्पर्धेत बॅडमिंटनचे बारा खेळाडू जाऊन सहाच जणांची नावं यादीत गेली, बाकीचे सहा बाहेर बसून राहिले. आमच्या पोरीच्या दौऱ्यात पदक नव्हतं आणि घोळही नव्हता, म्हणून तो कुठेच छापून आला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संक्रांत होती. अण्णाच्या बायकोने, काकूने, परसातून हात पुढे करून तिळाच्या लाडवांचा डबा दिला. “विमानात खा गं बाई.” बापूने डब्याकडे पाहिलं. नको म्हणाला नाही, पण एकही लाडू तोंडात टाकला नाही.

कोलंबोत ग्राउंड मातीचं. पोरीला बरं वाटलं. माती तिला कळते. माती बॉलला उशिरा सोडते आणि त्याचा ठसा ठेवून घेते. रेषा मात्र चुन्याच्या नव्हत्या, खिळ्यांनी ठोकलेल्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. पट्टीवर ठसा उमटत नाही. हे ध्यानात असू द्या.

असल्या मैत्रीच्या सामन्यांना प्रत्येक रेषेवर पंच बसत नाही. मग नियम असा की आपल्या बाजूच्या रेषा आपणच बघायच्या. बॉल रेषेला नुसता शिवला तरी आत. बाहेर पडलेला नक्की दिसला तरच ‘आऊट’ म्हणायचं, आणि नक्की दिसला नसेल तर बॉल आत. क्रिकेटमध्ये पंच शंकेचा फायदा बॅट्समनला देतो. इथे पंचही आपण, खेळाडूही आपण, आणि फायदा द्यायचा समोरच्याला. मी तीस वर्षांत शेकडो मुलांना नियम शिकवले, पण इतका अवघड एकही नव्हता.

शेवटच्या लढतीत दोन सामन्यांनंतर बरोबरी झालेली, तिसरा सामना पोरीचा. तिसरा सेट, ५-४, ॲडव्हान्टेज हिचा. एक पॉइंट मिळाला की सामना आणि लढत दोन्ही खिशात. लंकेच्या मुलीने फोरहॅण्ड खोल मारला. बॉल हिच्या मागच्या रेषेशी पडला आणि ही नुसती बघत राहिली. बाकावरच्या मैत्रिणी उठून टाळ्या वाजवायला लागल्या होत्या.

पोरगी मागे गेली, उकिडवी बसली. मातीत लंबगोल ठसा होता, त्याचं टोक पट्टीच्या कडेला येऊन थांबलेलं. ठसा तिथेच संपला होता, की पट्टीवर चढला होता आणि पट्टीने सांगितलं नव्हतं? तिने बोटाने माती चाचपली. मग उठली, तळवा जमिनीकडे करून हात हलवला. आत.

ड्यूस. त्यानंतर दोन पॉइंट गेले, गेम गेला, आणि ७-५ ने सेटही गेला.

नेटपाशी हात मिळवताना लंकेची मुलगी म्हणाली, “मला तर तो बाहेरच वाटला होता.”

बसमध्ये कुणी तिच्याशेजारी बसलं नाही. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, “नियमाने बरोबर केलंस,” आणि खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

हे सगळं तिने आम्हाला ओट्यावर बसून सांगितलं. मला चहाचा पुडा आणला होता, बापूला चामड्याचं पाकीट. बापूने पाकीट उघडून बघितलं, बंद केलं.

“म्हंजे तिला बी बाहेर वाटला, तुला बी बाहेर वाटला?”

“मला बाहेर वाटला नाही, पप्पा. मला कळला नाही.”

“मग न कळल्याचं नुकसान आपण काहून सोसायचं?”

पोरीने थोडा विचार केला. “रेषा बघायचं काम माझ्याकडे होतं ना.”

बापूने तंबाखू मळायला घेतली. चुना जास्त झाला तो झटकला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “अडीच गुंठ्याचा कायदा आठ एकराला लागत नसतो.”

आठ एकराचा विषय कुणीच काढला नव्हता. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी चहाच्या पुड्यावरची अक्षरं वाचू लागलो.

मे महिन्यात अण्णाने मोजणी आणली. भूमी अभिलेखचा माणूस काठीवर बसवलेलं रोव्हर यंत्र घेऊन आला. उपग्रहावरून जागा सांगतं म्हणे, दोन-चार बोटांचा फरक. पण उपग्रहाला आज्याने रोवलेला दगड कुठे दिसतो? कोपऱ्याचा हद्दीचा दगड जाग्यावर नव्हता. तो कधी हलला, कुणी हलवला, याची चौकशी करायची हिंमत तिथल्या चाळीस माणसांत कुणाला नव्हती. जुनं टिपण आणि आजची जमीन जुळेना. मोजणीदाराने घाम पुसला आणि विचारलं, “तुमच्या आज्याच्या वेळी बांध कुठून होता?”

अण्णाने बोट दाखवलं. बापूनेही दाखवलं. दोघांच्या बोटांत दीड हाताचं अंतर.

पोरगी सुट्टीला आलेली, टेपचं दुसरं टोक धरून बाभळीशी उभी होती. ती उकिडवी बसली. सोललेल्या मुळीवरून तिने बोट फिरवलं, मातीत घातलं, चाचपलं. तोंडातून शब्द काढला नाही. मी बापूकडे बघत होतो. बापू पोरीच्या बोटाकडे बघत होता.

मोजणीदार म्हणाला, रेकॉर्ड तपासून पावसाळ्यानंतर पुन्हा येतो. लोक पांगले. अण्णा जाताना मोठ्याने काही बोलला, ते लिहिण्यासारखं नाही.

मृग लागला. पहिल्या चांगल्या पावसानंतर चौथ्या दिवशी मी सहज मळ्याकडे गेलो होतो. बापू बांधावर, ट्रॅक्टर शेतात. ड्रायव्हर नेहमीच्या सवयीने बाभळीच्या खोडाकडे सुटला. बापूने हात वर केला.

“एक तास सोडून वळ.”

ड्रायव्हरला ऐकू गेलं नाही. बापू चिखलातून पुढे गेला, बॉनेटवर थाप मारली आणि पुन्हा ओरडला. ड्रायव्हर म्हणाला, “जागा वाया जाईल ना, बापू.” बापू म्हणाला, “जाऊ दे.”

मग मला बघून ओशाळला. “ह्या नव्या ट्रॅक्टरला वळायला जागा लागती, सर. मुळ्यांना फाळ लागून तुटतो.”

“हाव,” मी म्हणालो. फाळ इतकी वर्षं तुटला नव्हता, पण ते सांगायला मी मोजणीदार थोडाच होतो.

दोन दिवसांनी अण्णाची पेरणी झाली. त्याने सोडलेला पट्टा पाहिला. मला वाटलं, आता हा पुढे सरकणार, सहा वर्षांचा राग आहे. तो बाभळीखाली विडी संपेपर्यंत उभा राहिला आणि होता तिथूनच वळला. बापूने काय दिलं आणि अण्णाने काय सोडलं याचा कागद कुठे झाला नाही. बोलणंही सुरू झालं नाही.

श्रावणात त्या पट्ट्यात मांडीएवढं गवत झालं. एका सकाळी काकू विळा घेऊन आली, सगळं गवत कापलं, दोन भारे बांधले. एक डोक्यावर घेऊन गेली. दुसरा बाभळीला टेकवून ठेवला, बापूच्या बाजूने.

बापू आला तेव्हा मी तिथेच होतो. “हा भारा कुणाचा?”

“काकूने ठेवलाय.”

त्याने भाऱ्याभोवती एक फेरी मारली. दोर तपासला. मग वाकून भारा डोक्यावर घेतला. उचलताना दोन पेंढ्या निसटून खाली पडल्या. अण्णाची गाय बाभळीच्या पलीकडे दाव्याला बांधलेली होती. बापूने एका हाताने भारा सावरला, दुसऱ्या हाताने पेंढ्या उचलल्या आणि तिच्यापुढे टाकल्या.