दुसऱ्याचा ‘मी’

विल केम्प हा शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतला विदूषक आणि नर्तक. इ. स. १६०० मध्ये तो लंडनहून नॉर्विचपर्यंत, म्हणजे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर, नाचत गेला. नाचाचे दिवस नऊ. गाणी रचणाऱ्यांनी त्यावर खोटेनाटे पसरवले, तेव्हा त्याने स्वतःच त्याच वर्षी पुस्तिका छापून आपली हकीकत सांगितली. आज कुणी त्याच्यावर एकपात्री प्रयोग बसवला, तर केम्पचा शब्द साक्षीला आहे.

आपल्याकडील कलावंतांना हे क्वचितच लाभले. उत्तर पेशवाईतला शाहीर सगनभाऊ धर्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्याच्या लावण्या पुण्यात गाजल्या आणि आजही उरल्या आहेत. पण फडावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय होते, हे लावणीतून कळत नाही. मग अशा माणसाच्या जागी उभे राहून ‘मी’ म्हणण्याचा हक्क कुणाला?

सुषमा देशपांडे यांनी ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’ हा एकपात्री प्रयोग १९९० च्या दशकात रंगभूमीवर आणला. त्या स्वतः फडातल्या नव्हेत. पण तमासगीर स्त्रियांना भेटून, त्यांचे ऐकून त्यांनी लिहिले. बोलण्याआधी ऐकले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

हा प्रश्न आपल्याही घरचा आहे. नाटक-सिनेमांतला मुसलमान बहुधा मोडकी मराठी बोलतो आणि प्रेक्षक हसतात. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, त्यांना ते बोचते. आमच्याबद्दल बोला, पण आधी आम्हांला विचारा, असे आपण म्हणतो. ते रास्तच आहे. मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनात आमची मुले सोंगाड्याची, नाचणारणीची नक्कल करतात, तेव्हा आम्ही शिक्षक टाळ्या वाजवतो. त्या घरांतले कुणी समोर बसले असेल काय, हे कोण विचारतो?

दुसऱ्याचा आवाज ही अमानत आहे. ती हाती घेण्यास मनाई नाही. अन्यथा साहित्य आणि नाटक दोन्ही संपतील. पण अमानत मालकासमोर जशीच्या तशी ठेवता आली पाहिजे. ज्याचे सोंग घेतले, तो पहिल्या रांगेत बसला असता तर मान खाली घालून उठून गेला असता की थांबला असता? सगनभाऊवर उद्या आपल्यातल्या कुणी प्रयोग लिहिला, तर त्यानेही हाच प्रश्न स्वतःला विचारावा. आपला माणूस म्हणून सूट नाही.