निकचा शब्द, इब्राहिमची खुर्ची

ब्रिटनच्या आयटीव्हीवर २००७ ते २००९ या काळात 'गोल्डन बॉल्स' नावाचा गेम शो लागायचा. मला तो यूट्यूबवर सापडला, रात्री दीड वाजता, झोप येत नसताना. त्यातला निक आणि इब्राहिमचा एपिसोड मी आजवर वीसेक वेळा तरी पाहिला असेल.

शेवटच्या फेरीत दोन खेळाडू समोरासमोर बसतात. प्रत्येकापुढे दोन सोनेरी चेंडू. एकात 'स्प्लिट', म्हणजे वाटून घेऊ. दुसऱ्यात 'स्टील', म्हणजे सगळं मला. दोघांनी स्प्लिट निवडलं तर निम्मं-निम्मं. एकानेच स्टील निवडलं तर सगळी रक्कम त्याची. दोघांनीही स्टील निवडलं तर दोघांच्या हाती भोपळा. आधी थोडा वेळ बोलायला मिळतो आणि त्यात बहुतेक जण एकच गाणं गातात: शपथेवर सांगतो, मी वाटूनच घेणार. नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या शोचा अभ्यास केला, तेव्हा स्प्लिट निवडणारे निघाले ५३ टक्के. म्हणजे शपथ ऐकण्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं.

निकने हे गाणं गायलंच नाही. तो शांतपणे म्हणाला, मी स्टील निवडणार. तू स्प्लिट निवड, शो संपल्यावर निम्मे पैसे मी तुला देईन. रक्कम होती १३,६०० पौंड. इब्राहिमचा कानांवर विश्वास बसेना. दोघंही स्प्लिट करू ना, सरळ आहे! निक ढिम्म. इब्राहिमने विनवण्या केल्या, बापाची शिकवण सांगितली, शेवटी निकला मूर्ख म्हणाला आणि चरफडत स्प्लिट उचललं. चेंडू उघडले, तर निकच्याही हातात स्प्लिट. प्रत्येकी ६,८०० पौंड.

माझ्यातला इंजिनियर इथे टाळ्या वाजवतो. कारण कोष्टक मांडून बघा: समोरचा स्टील करणारच असेल, तर मी काहीही निवडलं तरी शोमधून मला शून्यच मिळणार. निकने इब्राहिमला बरोबर त्याच ओळीत नेऊन बसवलं. स्टील केलं तर नक्की शून्य, स्प्लिट केलं तर निकच्या शब्दाइतकी तरी आशा. आणि गंमत म्हणजे आपण स्टीलच करणार होतो, असं इब्राहिमने पुढे 'रेडिओलॅब' या पॉडकास्टवर सांगितलं. निक खरं बोलला असता, तर लुटला गेला असता आणि इब्राहिम देशभर चोर ठरला असता. एका खोट्याने दोघं वाचले.

'नरो वा कुंजरो वा' म्हणताना धर्मराजाचे शब्द खरे होते आणि हेतू फसवण्याचा. निकचं नेमकं उलट. मग त्याचा रथ जमिनीवर यायचं काही कारण नाही, असं मला बरेच दिवस वाटायचं.

गेल्या भाऊबीजेला आत्या घरी आली होती, तिला मी ही क्लिप दाखवली. एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. चेंडू उघडायच्या आधीच तिने मला थांबवलं. "अरे, पण त्याला दुसरं काय करता येत होतं?"

मग तिने तिचं सांगितलं. आजोबा गेल्यावर थोरले काका तिला म्हणाले होते, हक्कसोडपत्रावर सही कर, जमीन एका नावावर राहू दे, तुझं तुला मी देईन. तिने सही केली. पुढे रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला. तिच्या वाट्याला दर भाऊबीजेची साडी आली.

"लोक म्हणाले, बहिणीने भावावर केवढा विश्वास ठेवला," आत्या म्हणाली. "विश्वास कसला, बाळा? सही नसती केली तर माहेर तुटलं असतं."

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क, हे २००५ च्या कायद्यातच आलंय. पण आत्याच्या खुर्चीसमोर कायदा बसला नव्हता, भाऊ बसला होता.

निक आणि काका यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे मान्यच. एकाने मुठीत स्प्लिट धरलं होतं, दुसऱ्याने स्टील. इब्राहिम बिथरला असता, मी बुडालो तर तूही बूड म्हणून त्याने स्टील उचललं असतं, तर सगळी रक्कम त्याची झाली असती आणि निक रिकाम्या हाताने घरी गेला असता. एवढा धोका काकांनी कधीच पत्करला नाही. पण हा फरक दिसतो आपल्याला, चेंडू उघडल्यावर. इब्राहिमच्या खुर्चीतून निक आणि काका हुबेहूब सारखे दिसतात: मी सगळं घेणार, तू मुकाट्याने सोड, नंतर बघू. कागद नाही, साक्षीदारांचा उपयोग नाही. अशा वेळी समोरच्याने सोडलं, तर आपण त्याला विश्वास म्हणतो, समजूतदारपणा म्हणतो. खरं तर त्याच्यापुढे तेवढंच उरलेलं असतं.

आणि काकांना विचाराल तर तेही सांगतील, मनात चांगलंच होतं. मुठीतला चेंडू त्यांना कुणी उघडायलाच लावला नाही.

आत्याने पुढची क्लिप पाहिली. दोन्ही स्प्लिट निघाल्यावर ती मोठ्याने हसली. "हा बरा निघाला की!" म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मलाही निक बराच वाटतो. पण इब्राहिम चिडला तेव्हा तो बरोबर चिडला होता, त्याच्याजवळ असलेल्या माहितीत दुसरं काही शक्यच नव्हतं. स्टुडिओत मात्र नेमका तेव्हाच हशा पिकतो.