उचलणं आणि ठेवणं

या मननाला घाई नको. एकेक टप्पा वाचून झाला की डोळे मिटा, श्वास आपल्या गतीने येऊ-जाऊ द्या आणि मगच पुढच्या ओळीकडे या. हाताशी रोजच्या वापरातली एखादी वस्तू असू द्या. चष्मा, तांब्या, पुस्तक, काहीही चालेल.

मनाने तंजावरला चला. मराठी माणसाला हे गाव परकं नाही. भोसल्यांचा वंशवृत्तान्त सांगणारा १८०३ सालचा भला मोठा मराठी शिलालेख इथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात आहे आणि सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय राजवाड्याच्या आवारात आहे. तिकडे आपण नंतर जाऊ. आधी गावाच्या उत्तर अंगाला, करंदै भागात चला. तिथं आदिनाथांचं जैन मंदिर आहे. कावेरीच्या या मुलखात तमिळ बोलणारी जैन घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कुंभकोणमला चंद्रप्रभांचं मंदिर आहे, मन्नारगुडीला मल्लिनाथांचं. परंपरा सगळीकडे दिगंबर.

मूर्तीसमोर बसा. तिच्या अंगावर वस्त्र नाही, दागिना नाही. हातात शस्त्र नाही, फूल नाही, पोथीही नाही. बघत राहा. मग स्वतःला विचारा : मी सगळं उतरवून ठेवलं, तर त्यातलं काय काय मला परत उचलावं लागेल?

उत्तर शोधायला जाऊ नका. यादी आपसूक मनात येऊ द्या. पहिली वस्तू कोणती आली, तेवढं लक्षात ठेवा.

थांबा.

हा प्रश्न फक्त मुनींना पडतो असं नाही. १८९१ साली आपल्या ठाण्यात चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या जिल्हा न्यायाधीशाने विवस्त्र राहू इच्छिणाऱ्यांचा एक संघ काढला. सभासद तीनच, पण जगातल्या अशा संघांमध्ये तो अगदी आरंभीचा मानला जातो. संघाचे नियमही ठरले. अंगावर काहीही असू नये, मात्र अंगठी, चष्मा आणि कवळी यांना सूट. कपडे पूर्ण सोडायला निघालेल्या त्या तीन माणसांनाही काय ठेवायचं हे ठरवावंच लागलं. दिसावं म्हणून चष्मा ठेवला, चावता यावं म्हणून कवळी ठेवली आणि अंगठी बहुधा मनासाठी.

आज युरोपात, अमेरिकेत कपड्यांविना राहणाऱ्यांच्या वसाहती आहेत, किनारे आहेत. तिथं जाणाऱ्याच्या पिशवीत टोपी असते, उन्हापासून जपणारं मलम असतं, पाण्याची बाटली, चपला आणि वाचायला एखादं पुस्तक असतं. टॉवेल तर हवाच. कुठंही बसण्याआधी आपला टॉवेल पसरायचा, हा तिथला सर्वमान्य नियम. त्यामागचं कारण नीट पाहा. टॉवेल अंग झाकण्यासाठी नसतो. आपण उठल्यावर त्या जागी जो बसेल, त्याच्यासाठी असतो.

त्यांची वाट ऊन-वाऱ्याच्या आनंदाची आहे आणि दिगंबर मुनींची वाट तपाची. एकीच्या मापाने दुसरी मोजू नये. पण सगळं सोडल्यावर हातात काय उरावं, या प्रश्नाशी दोघंही येऊन उभे राहतात. मुनींनी या प्रश्नाला दिलेलं उत्तर फार जुनं आहे आणि अगदी थोडक्यात आहे. तीन वस्तू : पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. आता एकेक वस्तू मनाने हातात घेऊ.

पिच्छी

मोराने आपणहून टाकलेली पिसं गोळा करून बांधलेला हा जुडगा. पीस ओरबाडून काढायचं नाही, त्यासाठी मोराला धरायचं नाही. जुन्या ग्रंथांनी पिच्छीचे पाच गुण सांगितले आहेत : ती धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ असते, नाजूक असते, हलकी असते. या पाच गुणांत रंगाचा उल्लेख नाही, मोरपिसाच्या डोळ्याचा नाही, शोभेचाही नाही. एवढं देखणं पीस, पण निवडलं ते किड्यामुंगीला लागू नये म्हणून.

मुनी बसण्याआधी जमिनीवरून पिच्छी हळूच फिरवतात. रात्री कूस बदलायची तरी आधी पिच्छी फिरते. पिच्छीशिवाय सात पावलं चालणं झालं तर प्रायश्चित्त सांगितलं आहे. अंगावर सूतही नसलेल्या माणसाला थंडीवाऱ्यात शाल चालत नाही, पण मुंगीसाठी पिसं हवीच.

आपल्या हाताचा तळवा उघडा ठेवा. त्यावरून दुसऱ्या हाताची बोटं मोरपिसाच्या हलकेपणाने फिरवा. तिथं एखादी मुंगी असती, तर ती दुखावली असती का? बोटं आणखी हलकी करा. परत फिरवा. आपल्या हातात इतका हलकेपणा आहे, हे आपल्याला एरवी ठाऊकच नसतं.

चातुर्मास संपण्याच्या सुमारास पिच्छी बदलली जाते. श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, नवी देतात आणि जुनी त्यांच्यातल्याच एखाद्याकडे जाते. ती मिळायला पैसा लागत नाही. एखादं व्रत घ्यावं लागतं, संयमाची काही कबुली द्यावी लागते. वर्षभर मुंग्या वाचवलेली पिसं मग त्या घरात राहतात आणि घेतलेल्या शब्दाची रोज आठवण देतात.

थांबा. आपल्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी केवळ दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये म्हणून ठेवली आहे?

कमंडलू

लाकडाचा किंवा नारळाच्या कवटीचा. त्यात उकळून निववलेलं पाणी, तेही श्रावकांनी भरून दिलेलं. ते पिण्यासाठी नसतं. मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत जेवतात आणि पाणीही तेव्हाच पितात. कमंडलूतलं पाणी शौचासाठी, हातपाय धुण्यापुरतं. आंघोळ नाही, दात घासणं नाही. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांमध्ये या दोन्ही गोष्टींचा त्याग आहे आणि निर्वस्त्रताही त्याच यादीत एक गुण म्हणून येते.

तहान लागलेली आहे, पाणी हातात आहे आणि ते आपल्यासाठी नाही. वैशाखातल्या तंजावरची कल्पना करा. ऊन डोक्यावर, रस्त्याचा दगड तापलेला, पाय अनवाणी, हातात पाण्याने भरलेलं भांडं. मन काय म्हणेल? त्याला म्हणू द्या, अडवू नका. फक्त लक्षात घ्या, की वस्तू जवळ असणं आणि ती वाटेल तशी वापरण्याची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे या दोन्ही इतक्या एकजीव झाल्या आहेत, की त्यांच्यातला सांधा दिसतच नाही. कमंडलू तो सांधा दाखवतो.

हा नियम आपण घ्यावा असं मी म्हणत नाही. गृहस्थाने तहान लागली की पाणी प्यावं. पण घरातल्या एखाद्या वस्तूचं काम काय, हे एकदा ठरवून पाहा आणि त्या कामापुरतीच ती हातात घ्या. फोनपासून सुरुवात केली तरी हरकत नाही.

शास्त्र

तिसरी वस्तू ग्रंथ. मुनींच्या हाती तो अभ्यासासाठी येतो आणि काम झालं की पुढे जातो. ना घर, ना कपाट, मग साठवणार कुठे? म्हणून या परंपरेत ग्रंथ सांभाळण्याचं काम कायम दुसऱ्यांकडे राहिलं आणि ग्रंथ देणं हे मोठं दान ठरलं. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात अशा दानाचं उदाहरण म्हणून कौंडेशाचं नाव येतं. त्याची कथा गोड आहे. एका गुराख्याला रानात झाडाच्या ढोलीत पोथी सापडली. त्याला ती वाचता येत नव्हती. त्याने ती जपली, पूजली आणि पुढे मुनींच्या हाती दिली. त्या दानाच्या पुण्याने पुढच्या जन्मी तोच कौंडेश नावाचा ज्ञानी मुनी झाला.

या कथेपाशी जरा रेंगाळा. वाचता न येणाऱ्याने पोथी वाचवली. आपल्याला न कळणारी गोष्टही दुसऱ्या कुणासाठी मोलाची असू शकते, एवढं त्याला कळलं.

ग्रंथ असा दुसऱ्यांनी सांभाळणं कावेरीच्या काठावर प्रत्यक्षात घडलेलं आहे. ‘जीवक चिंतामणी’ हे तमिळमधलं महाकाव्य तिरुत्तक्कदेवर या जैन मुनींचं मानलं जातं. उ. वे. स्वामिनाथ अय्यर १८८०च्या सुमारास कुंभकोणमच्या कॉलेजात तमिळ शिकवायला आले, तेव्हा हे काव्य विद्वानांच्या वर्तुळात जवळजवळ विस्मृतीत गेलं होतं. शब्दांचा अर्थ लागेना, जैन संकल्पना कळेनात. मग ते कुंभकोणमच्या जैन घरांमध्ये गेले. तिथं चिंतामणी वाचला जात होता, समजलाही जात होता. त्या घरांकडून समजून घेत स्वामिनाथ अय्यरांनी १८८७ साली ग्रंथ छापला. काहीच जवळ न ठेवणाऱ्याचं काव्य घराघरांतल्या माणसांनी शतकानुशतकं सांभाळलं होतं.

आपल्या सीमाभागातही अशी गोष्ट घडली. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावाजवळ १८७२ साली जन्मलेल्या आचार्य शांतिसागरांनी दिगंबर मुनींची परंपरा विसाव्या शतकात नव्याने उभी केली. १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे उपवासाने देह सोडण्याचं व्रत, घेऊन त्यांनी देह ठेवला. षट्खंडागम या दिगंबरांच्या प्राचीन आगमाच्या जुन्या ताडपत्रांतला काही भाग किड्यांनी खाऊन गेला, हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रेरणेने हे आगमग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले गेले. अमरावतीत हिरालाल जैन यांनी याच आगमाची धवला टीका १९३९ पासून खंडाखंडाने छापायला घेतली होती. अंगावर धागा न ठेवणाऱ्या आचार्यांना स्वतःच्या देहाची नव्हती इतकी काळजी ग्रंथाची होती. कारण ग्रंथ पुढच्या माणसाचा असतो.

सरस्वती महाल

आता करंदैहून राजवाड्याकडे चला. सरफोजीराजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात हा संग्रह वाढवला. ताडपत्रं, कागदी पोथ्या, मोडी दफ्तरं, युरोपातून मागवलेली छापील पुस्तकं. कित्येक पुस्तकांवर त्यांची सही आहे. मुनींच्या हातात एक ग्रंथ आणि राजाच्या महालात हजारो.

एक ताडपत्र मनाने समोर घ्या. लांबट, अरुंद, हाताच्या बोटांइतकं रुंद. लोखंडी टोकाने अक्षरं आधी कोरलेली, मग काजळी चोळल्यावर काळी उमटलेली. पानाला भोक, त्यातून ओवलेली दोरी, वर-खाली लाकडी फळ्या. पोथ्यांजवळ वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी आणि कापूर यांची पुरचुंडी ठेवण्याची इथली जुनी रीत आहे. तिचा वास घ्या. त्या वासाने कीड लांब राहते.

सरफोजींनी पुस्तकं स्वतःच्या आवडीने जमवली. आज त्या पुस्तकांसमोर तंजावरचा विद्यार्थी बसतो, पुण्याहून गेलेला मोडीचा अभ्यासक बसतो. संग्रह मोठा असला म्हणजे दोष लागतो असं नाही. कुलूप लागून राहिला तर लागतो.

आता हात

मुनींच्या पाच समितींपैकी, म्हणजे जपून वागण्याच्या नियमांपैकी, एक केवळ वस्तू उचलण्या-ठेवण्यासाठी आहे : आदाननिक्षेपण समिती. ज्याच्याकडे उचलायला जेमतेम तीन वस्तू, त्याच्यासाठी इतका स्वतंत्र नियम! घरात शेकडो वस्तू असणाऱ्या आपल्याला मात्र दिवसभरात काय उचललं आणि कुठे ठेवलं हे आठवत नाही.

जवळ ठेवलेली वस्तू पाहा. हात लगेच पुढे करू नका. आधी तिच्याभोवतीची जागा पाहा. कुणी जीव नाही ना? मग वस्तू उचला. तिचं वजन हाताला कळू द्या. ती कुणी बनवली असेल, कुणी दिली, तिचं काम काय, एवढं मनात येऊन जाऊ द्या. मग ठेवण्याची जागा पाहा. बोटांनी जागा अलगद पुसा. वस्तू आवाज न करता ठेवा. हात लगेच मागे घेऊ नका. ती टेकली याची खात्री झाली की मग सोडा.

आणखी एकदा, याहून सावकाश.

या दोन वेळांमध्ये काही फरक जाणवला का? पहिल्या वेळी लक्ष बहुधा वस्तूवर होतं. दुसऱ्या वेळी ते जागेवर गेलं असेल, म्हणजे आपल्याखेरीज तिथं असलेल्यांवर. पिच्छी हेच शिकवते. टॉवेलच्या नियमामागेही हीच जाणीव आहे.

आता सुरुवातीची यादी परत आठवा. पहिली आलेली वस्तू घ्या आणि विचारा : ही कुणाच्या कामी येते? माझ्या गरजेला येत असेल तर निःसंकोच राहू दे. दुसऱ्याच्या उपयोगाची असेल तर अधिक जपून ठेवू. दोघांच्याही कामाची नसेल आणि तरी सोडवत नसेल, तर तिच्याजवळ थोडं बसा. ती फेकायची घाई करू नका. कशाची भीती तिला धरून आहे, तेवढं पाहा. मुनींनी वस्त्र सोडलं ते लाज आणि भीती यांच्यापलीकडे जाण्यासाठी. आपली वाट त्याहून सोपी आहे. आपल्याला एकेका वस्तूवरची मूठ सैल करता आली तरी पुष्कळ झालं.

आणि या आठवड्यासाठी एवढंच करा. वाचून झालेलं, आवडलेलं एक पुस्तक निवडा. नको असलेलं नव्हे, आवडलेलंच. ज्याला ते लागणार आहे, त्याच्या हातात द्या. पहिल्या पानावर आपलं नाव असेल तर त्याखाली घेणाऱ्याचं नाव लिहा आणि वाचून झाल्यावर ते पुढे कुणाला द्यायचं, हे ठरवण्याचा हक्क त्यालाच देऊन टाका.