साक्षीदाराची अब्रू

साक्षीदार हा कांहीं आरोपी नव्हे. तरीही उलटतपासणींत त्याच्या शीलावर आघात करणारे प्रश्न विचारण्याची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १४६ व्या कलमानें दिली. सबळ आधारावांचून तसें विचारूं नये, असें १४९ वें कलम बजावी. परंतु आधार नव्हता हें कळावयाचें तें प्रश्न भर कोर्टांत उच्चारला गेल्यावर! बलात्काराच्या खटल्यांत पीडित स्त्रीचें चारित्र्य काढण्याची वाट तर २००२ अखेरपर्यंत उघडी होती.

खोटी साक्ष उघडी पाडलीच पाहिजे, नाहींतर निरपराधी फांसावर जाईल, हें आम्हांस मान्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही ही मुभा व हा निर्बंध दोन्ही राखले आहेत. मात्र वकिलाजवळील आधार न्यायाधीशानें प्रश्नाआधींच पाहावा, असें आम्हांस वाटतें. मागाहूनच्या कानउघाडणीनें साक्षीदाराची गेलेली अब्रू परत येत नाहीं.